पहिला अर्धा तास

रविवारी सकाळी दहा वाजता ती घडीच्या स्टँडवर मोजे वाळत घालत होती, जोड्या लावून, आणि ओट्यावर ठेवलेला फोन थरथरू लागला. एकदा थरथरला तर जाहिरात, दोनदा तर नवरा, तीनदा तर ऑफिस, हे तिला ठाऊक होतं. पण तो थांबेचना. थरथरत थरथरत सरकला, एका बशीला जाऊन टेकला आणि मग बशीही वाजू लागली. हातातला मोजा तसाच घेऊन ती गेली. आमेन. आमेन. देवाची स्तुती असो. डोळे भरून आले गं. आमेन. किती सुंदर लिहितेस. चिमणीला मावशीचा पापा. आमेन. एकेचाळीस. बेचाळीस. आधी तिला वाटलं, कोणाला तरी मूल झालं. मग फोटो दिसला. पांढऱ्या झग्यात शिंप्याच्या दुकानात पाठमोरी उभी असलेली तिची स्वतःची मुलगी, आणि खाली तिचं स्वतःचं वाक्य: आज माझ्या लेकीने सगळ्या मंडळीसमोर होय म्हटलं.

लेक तेव्हा भिंतीपलीकडच्या खोलीत होती. झोपली असेल, किंवा उताणी पडून छताकडे बघत असेल. पांढरा झगा कपाटाच्या दाराला लटकत होता, शिंप्याच्या पिशवीसकट. होय म्हणायचं होतं ते चर्चमध्ये, दृढीकरणाच्या विधीत, साडेनऊ वाजता, आणखी आठ मुलांच्या रांगेत उभं राहून. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी बाळाच्या वतीने जी वचनं दिलेली असतात, ती बाळाने मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडाने द्यायची, एवढाच तो विधी. चौदा वर्षांपूर्वी मुलीच्या वतीने होय म्हणणारी तीच होती. एकदा सवय लागली की सुटत नाही.

लिहिलं होतं तेही तिनेच. तीन आठवड्यांपूर्वी, शनिवारी दुपारी, ओट्याशी उभं राहून, पंचवीस मिनिटांत. त्यात मुलीचा आवाज कापला होता पण शब्द ठाम होता. त्यात उंच खिडकीतून ऊन आलं होतं. पाळकांनी डोक्यावर हात ठेवला तेव्हा मुलीने मागे वळून आईकडे पाहिलं होतं, एकच क्षण, आणि त्या क्षणात चौदा वर्षं मावली होती. प्रत्यक्षात विधीच्या वेळी मुलांनी मागे वळायचं नसतं, तालमीत पाळक तशी ताकीदच देतात. हे लिहिताना तिला आठवलंही होतं. पण वाक्य चांगलं होतं म्हणून राहू दिलं. ऊनही राहू दिलं. आज बाहेर सकाळपासून ढग होते.

आगाऊ लिहायची पद्धत तिची नव्हे, 'ओंजळ'ची. 'ओंजळ' म्हणजे प्रभूवर आणि मुलांवर प्रेम करणाऱ्या, आणि दोन्हींबद्दल ब्लॉग लिहिणाऱ्या आयांचा परिवार. तीन हजारांवर सभासद. प्रत्येकीचा स्वतःचा ब्लॉग होता आणि प्रत्येकीला ब्लॉगच्याच नावाने ओळखत: मोहरीचा दाणा, ओली माती, दिव्याची वात. ती स्वतः पाचवी खुर्ची. घरात माणसं चार, जेवणाच्या टेबलाला खुर्च्या पाच, पाचवी प्रभूसाठी, अशी कल्पना होती. पहिल्या वर्षी ती खरोखर रिकामी ठेवलेली असायची. नंतर तिच्यावर इस्त्रीचे कपडे आले, आणि प्रभूने तक्रार केली नाही. परिवार सांभाळणारी ताई हिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण ताई. ताईला कुठल्याशा ऑनलाइन शिबिरात समजलं होतं की पहिल्या अर्ध्या तासात जे घडतं तेच त्या पोस्टचं नशीब. त्या अर्ध्या तासात बायका बोलल्या तर पोस्ट दूरवर जाते, नाही बोलल्या तर जागच्या जागी मरते. तेव्हापासून 'हातभार' सुरू झाला. महिनाभराच्या साक्षी, म्हणजे देवाने घरात काय केलं ते सांगणाऱ्या पोस्ट, आधी लिहून ताईकडे द्यायच्या. ताई त्या सामाईक पानावर तारीख आणि वेळ लावून ठेवी. आदल्या दिवशी चाळीस जणींच्या तुकडीला मजकूर जाई, आणि प्रत्येकीने आपापल्या दोन ओळी तयार ठेवायच्या. म्हणजे आज दहा वाजून एक मिनिटाने ज्यांचे डोळे भरून आले, त्यांचे ते शनिवारीच भरून तयार होते. तिने स्वतः असे कितीदा भरलेत. गेल्या महिन्यात ओल्या मातीच्या मुलाला ताप उतरल्याच्या साक्षीवर तिने ऑफिसच्या जिन्यात उभं राहून लिहिलं होतं, हृदय गलबलून गेलं. जिना चढून वर पोहोचेपर्यंत ताप कोणाला होता ते विसरली होती.

आणि हे तिला जमावं, याचंच तिला उभ्या उभ्या नवल वाटलं, कारण पोटापाण्याला ती औषधांच्या डब्यांतले घडीचे कागद तपासते. तेच ते, दहा घड्यांचे, बारीक अक्षरांचे, जे कोणी वाचत नाही. मळमळ, चक्कर, क्वचित प्रसंगी पुरळ. सोळा वर्षं. तिथला नियम असा की एकीने वाचलेला कागद दुसरीने वाचल्याशिवाय छपाईला जात नाही, आणि जे अजून सिद्ध झालेलं नाही त्याला 'होते' म्हणायचं नाही, 'होऊ शकते' म्हणायचं. एका 'होते'साठी तिने एकदा अख्खी खेप परत बोलावली होती. हाताखालच्या मुली तिला मागून तुरुंगाधिकारी म्हणत, तिला ते कळलं तेव्हा बरं वाटलं होतं. आणि घरी येऊन त्याच हातांनी तिने लिहिलं, आज माझ्या लेकीने होय म्हटलं. दुसरी सही तिने कोणाची घेतली होती? मुलीची घ्यायची होती. मुलीला विचारलंच नव्हतं. विचारायचं असतं हेच सुचलं नव्हतं; होयचं काय विचारायचं.

गुरुवारी मुलगी शाळेतून आली आणि दप्तर खांद्यावरून न काढताच म्हणाली की रविवारी मी जाणार नाहीये. पाळकांना सांगून आलेय. नाही असं म्हणत नाहीये मी, पण सगळ्यांसमोर होय म्हटलं तर ते आत्ता खोटं होईल. पाळकांना ते पटलं होतं म्हणे. पुढच्या वर्षी ये, नाहीतर नुसती चहाला ये, असं काहीसं ते म्हणाले होते. तिला मुलीपेक्षा पाळकांचा जास्त राग आला. इतक्या सहज कोणी ऐकून घेतं का. नवरा म्हणाला, ठीक आहे की, आणि धाकट्याचा गणिताचा पेपर बघू लागला. ती एकटीच उभी राहिली, सगळ्यांच्या वाटचं दुःख करत. तेव्हा मुलीने तिच्याकडे बघितलं आणि एकच गोष्ट मागितली. "हे कुठे लिहू नकोस." तिने वचन दिलं. आणि वचन पाळण्यासाठी तिने जे केलं ते आता आठवून तिला दात ओठ खावेसे वाटले: 'ओंजळ' उघडायचंच नाही असं ठरवलं. फोनवरची त्याची सूचनांची घंटा बंद केली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीन दिवस तिने तिकडे ढुंकून पाहिलं नाही, पथ्यावर असलेल्या माणसाने मिठाईच्या दुकानावरून मान खाली घालून जावं तशी. शनिवारी ताईने तुकडीला मजकूर पाठवला, तिलाही पाठवला, उद्या पाचव्या खुर्चीचा दिवस म्हणून. तो तसाच न उघडता पडून होता. पुढे काही लिहायचं नाही एवढंच तिच्या डोक्यात होतं. मागे लिहिलेलं पुढून येतं हे तिच्या ध्यानातच आलं नाही. आणि आज घंटा बंद असून फोन का वाजला, तर प्रत्येक आमेनमागे बायका तिचं नाव जोडत होत्या, आणि नाव जोडलं की बंद घंटाही वाजते. त्यांच्या प्रेमाला कुठलीच खिटी लागत नव्हती.

त्रेसष्ट. पोस्ट काढायला ती गेली तर काढता येईना. सामाईक पानावरचं सामाईक, किल्ली ताईकडे. तिने ताईला फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा ताई फोन उचलताच म्हणाली की अभिनंदन, काय पळतेय गं तुझी पोस्ट, सात मिनिटांत त्रेसष्ट, ईस्टरच्या पोस्टलाही इतकं नव्हतं. तिने सांगितलं. सगळं नाही, जेवढं वचनात बसेल तेवढं: मुलगी आज गेलीच नाही, पोस्ट काढ. ज्या आवाजात ताई सगळ्यांच्या मुलांच्या तापांबद्दल बोलत असे त्या आवाजात बोलू लागली.

"अगं, तू विश्वासाने लिहिलंस ना? मग ते होणारच आहे. तारीख मागेपुढे."

"ताई, ते झालेलं नाही. खोटं आहे ते."

"खोटं कसं? आधी लिहिलेलं आहे. खोटं वेगळं." ताईच्या मागे भांडी लावल्याचा आवाज येत होता, तीही कोणाची तरी आईच होती. "आणि हे बघ, पहिल्या अर्ध्या तासात काढलं की चार दिवस पान दिसेनासं होतं. उद्या ओल्या मातीची आहे, परवा त्या नवीन मुलीची, तिचं बाळ इस्पितळात आहे. त्यांना कोण बघणार मग? साडेदहाला काढते. वीस मिनिटं. एवढं कर आमच्यासाठी."

एवढं कर आमच्यासाठी. इस्पितळातल्या बाळाच्या विरोधात उभं राहणारी बाई ती नव्हे. फोन ठेवल्यावर तिला कळलं की आपण विनवणी करत होतो, आणि ताईने ती ऐकून प्रार्थना-विनंतीसारखी रांगेत लावून टाकली. मग तिने स्वतःच पोस्टखाली लिहिलं. नीट, ऑफिसात लिहितात तसं, होऊ शकते आणि होते यांतला फरक सांभाळून: वरील मजकूर तीन आठवड्यांपूर्वी लिहिलेला आहे. त्यातलं काहीही घडलेलं नाही. माझ्या मुलीने होय म्हटलेलं नाही. चूक सर्वस्वी माझी आहे. पाठवलं आणि वाट पाहिली. अर्ध्या मिनिटात त्याच्यावर सात हृदयं आली. दिव्याच्या वातीने लिहिलं, किती ही नम्रता. आणखी एकीने लिहिलं, आमेन. मग वरून नव्या ओळी येऊ लागल्या आणि तिची ओळ खाली खाली जात दिसेनाशी झाली. तिने ती पुन्हा लिहिली. पुन्हा सात हृदयं. तिसऱ्यांदा लिहिताना तिला जाणवलं की आपण हातभार लावतोय. तिच्या प्रत्येक इन्काराने पोस्ट आणखी पळत होती.

पूर्वी असं नव्हतं, असं मनात आलं, आणि म्हाताऱ्यांसारखं मनात आलं म्हणून चीडही आली. पण खरंच नव्हतं. पूर्वी त्या अकरा जणी होत्या. साधे ब्लॉग, राखाडी पाटी, हृदयबिदय काही नाही. मुलगी चार वर्षांची होती, धाकटा पोटात, आणि दुपारच्या दोन तासांत तिला कोणाशी तरी मोठ्या माणसाच्या भाषेत बोलायचं असायचं. लिहिलं की उत्तर यायला दोन दिवस लागत, कारण उत्तर देणारी विचार करत असे. मोहरीचा दाणा तर इतकी लांब उत्तरं लिहायची की मूळ लेख तिच्यापुढे चिठ्ठीसारखा वाटे. मध्येच असायचं, थांब, दूध उतू गेलं, आणि पुढच्या ओळीत पुन्हा देवाची दया. दोघी कधी भेटल्या नाहीत. आवाज कसा असेल ते माहीत नव्हतं, पण ती कुठल्या शब्दाला अडखळेल ते माहीत होतं. मग सगळ्या जणी मोठ्या वाड्यात राहायला जावं तशा सोशल मीडियावर गेल्या, कारण तिथे आणखी आया होत्या. होत्याच. मोहरीच्या दाण्याने तिथे एकदा लिहिलं, फोटो न लावता, ताईच्या तारखांत नसलेल्या एका मंगळवारी: आज मला माझी मुलं आवडली नाहीत. एवढंच. चार हृदयं मिळाली, त्यांतलं एक हिचं. ताईने खाजगीत सुचवलं म्हणे, शेवट थोडा उजळ करशील का. त्यानंतर मोहरीचा दाणा दिसली नाही. आणि ती दिसत नाही हे हिच्या लक्षात आलं तीन महिन्यांनी, तेही जुन्या अकरा जणींतल्या किती उरल्या असं कोणीतरी विचारलं म्हणून. तिला शोधायचं तर नाव माहीत नव्हतं. सात वर्षं ती एका दाण्याशी बोलली होती.

दहा वाजून एकोणीस मिनिटं. नवऱ्याचा निरोप आला, चर्चमधून. तो गायकवृंदात खर्जात गातो आणि गाण्यांच्या मधल्या वेळात मागच्या बाकावर बसून फोन बघतो. हे काय आहे? इथे पाळकांच्या बायकोने मला मिठी मारली. आणि पाठोपाठ, धाकटा विचारतोय आपली ताई कधी आली होती. तिने उत्तर लिहायला घेतलं, चूक झाली म्हणून, आणि मग पुसलं, कारण चुकीला कारण लिहावं लागतं आणि कारणाला सुरुवात. चर्चमध्ये आता काय चाललं असेल ते तिला लख्ख दिसलं. विधी आटोपलेला, आठ मुलं पांढऱ्या कपड्यांत केकच्या टेबलाभोवती. त्यांच्या आया फोन वर धरून. एकीने फोन दुसरीला दाखवला असेल, दुसरीने रांगेतली मुलं मोजली असतील. एक, दोन, आठ. चेहरे दाखवायचे नाहीत, नाव लिहायचं नाही, हे 'ओंजळ'चे नियम तिने कसोशीने पाळले होते. मुलगी कायम पाठमोरी, कायम चिमणी. पाच वर्षांची असताना दात पडलेली चिमणी, आठव्या वर्षी भाषण विसरलेली चिमणी, अकराव्या वर्षी, हे नको आठवायला, पहिल्यांदा कपाटात लपून रडलेली चिमणी. त्या पाठीला अख्खी मंडळी ओळखत होती. चेहऱ्याला कितीजण ओळखत होते ते सांगता येणार नाही.

दार उघडलं. मुलगी स्वयंपाकघरात आली, विस्कटलेल्या केसांची, बापाच्या जुन्या सदऱ्यात, आणि तिच्या हातात तिचा फोन होता. तिने आईकडे पाहिलं नाही. कपाटातून पेला काढला, दूध काढलं, ओतलं, दूध परत ठेवलं. सगळं सावकाश. तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने आपल्या मुलीला दाखवलं होतं, त्या मुलीने हिला पाठवलं होतं, खाली तीन प्रश्नचिन्हं. हे सगळं न विचारता कळलं.

"चांगलं लिहिलंयस," मुलगी म्हणाली. "ही मुलगी मला आवडली असती."

आई बोलू लागली. वचन मोडलेलं नाही, हे आधीचं आहे, वेळ लावून ठेवलेलं, आत्ताच्या खुलाशाशिवाय गुरुवारनंतर मी एक अक्षर लिहिलेलं नाही, ताई साडेदहाला काढतेय, किल्ली तिच्याकडे असते. हे सगळं खरं होतं, एकूण एक, आणि बोलता बोलता तिला ऐकू येत होतं की हे दहा घड्यांच्या कागदासारखं वाटतंय, बारीक अक्षरांत, कंपनी जबाबदार नाही. मुलगी दूध प्यायची थांबली होती.

"कधी लिहिलंस?"

"तीन आठवडे झाले. शनिवारी. दुपारी."

"इथे?"

"इथेच."

मुलीने मान हलवली, जणू जुळवून पाहायचं होतं ते जुळलं. "मी आले होते त्या दिवशी. तू इथे उभी होतीस. मी तुला विचारलं, तू प्रार्थना करतेस तेव्हा पलीकडे खरंच कोणी असतं का. तू म्हणालीस, थांब हं, एवढं संपवते."

तिला आठवेना. ऊन आठवलं, पण ते लिहिलेलं होतं. मुलीचा कापरा आवाज आठवला, तोही. मुलीने जे खरंच विचारलं होतं त्यातलं काहीच शिल्लक नव्हतं, दारात उभी होती की आत आली होती, काय घातलं होतं, काही नाही.

"मग?" तिने विचारलं.

"मग काय. तू संपवलंस."

"आत्ता सांगते," ती घाईने म्हणाली, आणि तोंड उघडलं, आणि उत्तरं आली. धावतच आली, एकापाठोपाठ एक, प्रत्येक उत्तराला शीर्षक, प्रत्येकाला खिडकी, शेवटी एक उजळ ओळ. प्रार्थना म्हणजे आईचा पदर. प्रार्थना म्हणजे अंधारात धरलेला हात. सगळी तिने कुठे ना कुठे वापरलेली होती, काहींना शंभरावर हृदयं मिळाली होती. एकही मुलीला देण्यासारखं नव्हतं. ती त्यांना बाजूला सारत मागे मागे जाऊ लागली, गर्दीच्या कपाटात तळाशी ठेवलेली एखादी गोष्ट चाचपावी तशी, आणि हाताला नुसती पाठीमागची फळी लागली. मुलगी थांबली होती. यावेळी ती थांबली होती, हेच भयंकर होतं.

"माहीत नाही," ती शेवटी म्हणाली. "पूर्वी असायचं कोणीतरी. हल्ली मी बोलायला लागले की मला माझंच वाक्य ऐकू येतं. ते चांगलं झालंय की नाही ते बघत बसते. तोवर पलीकडचं कोणी उठून गेलं असेल तर कळत नाही मला."

मुलीने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. पेला ओठांपाशी होता, वरच्या ओठावर दुधाची रेघ.

"हे लिहिलं असतंस तर मी वाचलं असतं."

"हे नाही लिहिणार."

"गुरुवारीही तू तेच म्हणालीस," मुलगी म्हणाली. रागाने नाही. किती वाजले असं कोणी विचारल्यावर सांगावं तसं.

साडेदहाला फोन एकदाच थरथरला. काढली गं, ताईने लिहिलं होतं, तीनशे बारावर होती. वाटल्यास उद्या प्रार्थना-विनंती करू या, तू फक्त दोन ओळी दे. तिने तो पालथा ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं, माफ कर असं काहीतरी. माफ कर आलंही, लगेच आलं, पण सोबत पुढची दोन वाक्यं आणि स्वल्पविराम घेऊन आलं, म्हणून तिने ते परत पाठवलं. दुसरं आलं, तेही परत पाठवलं. तिसरं थोडं बरं होतं, त्यालाही नको म्हटलं. असं ओठ मिटून उभं राहणं किती जड असतं ते तिला माहीतच नव्हतं. मानेच्या शिरा दुखायला लागल्या. मुलीने उरलेलं दूध संपवलं. पेला विसळला, पालथा घातला, ओले हात सदऱ्याला पुसले. आता ती जाईल, असं वाटलं. ती गेली नाही. ओट्याला पाठ टेकून, हात बांधून, तिथेच उभी राहिली.